"ताई, एक विचारू?"

हॉस्टेलमध्ये हे वाक्य दोन वेळा ऐकू येतं. एकदा सबमिशनच्या आदल्या रात्री, समोरच्याला आपली फाइल हवी असते तेव्हा. आणि एकदा रात्री अकराच्या पुढे, दार अर्धवट लोटून, आवाज खाली आणून. पहिल्या प्रकाराबद्दल लिहायला या अंकात पुष्कळ जण आहेत. मी दुसऱ्याबद्दल लिहिते.

गेलं दीड वर्ष मी आपल्या कॉलेजच्या रेड रिबन क्लबची पिअर एज्युकेटर आहे. सरकारी पत्रकात याला "समवयस्क शिक्षक" म्हणतात आणि कॅन्टीनच्या कट्ट्यावर "एड्सवाली". दोन्ही नावं मला चालतात! काम एवढंच, की एचआयव्ही, लैंगिक आजार, गर्भनिरोधन, पाळी, वयात येणं यांची बरोबर माहिती आपल्याच वयाच्या मुलामुलींपर्यंत न्यायची आणि जिथे आपलं ज्ञान संपतं तिथून पुढचा रस्ता दाखवायचा. फर्स्ट इयरची मुलं सतरा-अठराची, त्यांना सांगणारे आम्ही एकोणीस-विशीतले. ट्रेनिंग दोन दिवसांचं होतं, सिव्हिल हॉस्पिटलच्या काउन्सिलर मॅडमनी दिलं. त्यात शिकले त्यातलं निम्मं तर माझ्या शाळेच्या सायन्सच्या पुस्तकातच होतं. पण आमच्या कॉन्व्हेंटमध्ये तो धडा "रीड इट ॲट होम, गर्ल्स" या एका वाक्यात संपला होता. घरी कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही. आकृती मात्र सगळ्यांनी बघितली.

आम्हाला नेहमी विचारतात, डॉक्टर असताना तुम्ही कशाला? प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर मला कॉलेजात नाही, सांगलीच्या उदाहरणात सापडलं. १९९२ साली तिथे "संग्राम" या संस्थेने वेश्याव्यवसायातल्या बायकांमध्ये एचआयव्हीबद्दल काम सुरू केलं. माहिती सांगण्याचं आणि कंडोम पोचवण्याचं काम त्याच बायकांनी हातात घेतलं. त्याच वर्षी कोलकात्याच्या सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी असंच काम सुरू केलं. विचार करा, गिऱ्हाईक "नको" म्हणालं तर त्याला काय म्हणायचं, हे एमबीबीएसला शिकवत नाहीत. ते तिथे राहणाऱ्या बाईलाच माहीत असतं. आपल्याकडेही तसंच. रूम पार्टनर काय चिडवेल, मेडिकलवाला ओळखीचा निघाला तर काय करायचं, रेक्टरला कळेल का, हे आम्हाला ठाऊक आहे. व्हायरसबद्दल डॉक्टरांना जास्त कळतं आणि हॉस्टेलबद्दल आम्हाला.

विद्यार्थ्यांचा या विषयाशी संबंध तसा पहिल्या दिवसापासूनचा आहे. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, चेन्नईत, आणि तोही एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातून! मायक्रोबायॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. निर्मला यांनी नमुने गोळा केले. विषय सुचवणाऱ्या त्यांच्या मार्गदर्शक म्हणजे डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत वाढलेल्या मराठी घरातल्या. पुढे १९९१ मध्ये एनएसएसने विद्यापीठांमधून एड्सवर बोलायला सुरुवात केली. शाळांची गाडी मात्र घसरली. केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आला आणि २००७ मध्ये महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, कर्नाटक अशा राज्यांनी तो "आपल्या संस्कृतीत बसत नाही" म्हणून अडवला. त्या वर्षी शाळेत असलेली मुलं आज तिशीत आहेत. त्यांना हे सगळं कुठून कळलं असेल? मित्रांकडूनच. म्हणजे पिअर एज्युकेशन बंद पडलंच नव्हतं, फक्त त्याला ट्रेनिंग नव्हतं.

आता मुद्द्याचं. ट्रेनिंगमधली पहिली अडचण एचआयव्हीची नव्हती, शब्दांची होती. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत, त्यामुळे पेनिस, व्हजायना, सेक्स हे शब्द मी न अडखळता म्हणू शकते. मॅडम म्हणाल्या, "छान. आता हेच मराठीत सांग." बारा जणांच्या ग्रुपमध्ये शांतता! मराठीत एकतर शिश्न आणि योनी, सोवळं नेसून बसलेले शब्द, नाहीतर मुलांच्या विंगमध्ये भांडणात उडतात ते. मधलं काहीच नाही. इंग्रजी शब्द हातमोज्यासारखा वापरता येतो, हाताला काही लागत नाही. पण समोरची मुलगी तालुक्याच्या मराठी शाळेतून आलेली असेल तर माझा हातमोजा बघूनच ती गप्प होते.

आणि मराठीत जे शब्द आहेत ते बघा. झोपेत वीर्य बाहेर येणं ही वयात आलेल्या मुलाच्या शरीराची साधी गोष्ट, तिचं नाव काय? स्वप्नदोष. म्हणजे नावातच दोष! लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार, त्यांचं नाव गुप्तरोग. एकदा गुप्त म्हटल्यावर डॉक्टरकडे कोण जाणार? रेल्वे लाइनच्या कडेच्या भिंतींवर "गुप्तरोगी भेटा, खात्रीशीर इलाज" लिहिणाऱ्यांचं दुकान या शब्दावरच तर चालतं. पाळीला तर आम्ही मुलींनी नाव म्हणून राहू दिलेलंच नाही. आजीला कावळा शिवायचा, आईची अडचण असायची, मी शाळेत "चम्स" म्हणायचे. शेवटी आम्ही एक नियम केला. समोरच्याने जो शब्द वापरला तोच आधी आपण वापरायचा, न हसता, आणि पुढच्या वाक्यात त्याच्या शेजारी बरोबर शब्द ठेवायचा. सोपं वाटतं, पण "न हसता" याची आम्ही खरंच प्रॅक्टिस केली, एकमेकांसमोर बसून.

सेशन मुलामुलींची वेगवेगळी घेतो. त्यावर काही सरांनी "मॉडर्न जमान्यात हे काय?" असं विचारलं होतं. कारण साधं आहे. एकत्र घेतलं की मुलं जोक मारतात आणि मुली वहीत फुलं काढतात. शेवटच्या पंधरा मिनिटांत दोघांना एकत्र बसवतो आणि तेव्हा एकच विषय, "नाही" म्हणायचं कसं आणि ऐकायचं कसं. त्याच वेळी कायदाही सांगतो, की अठरा वर्षांच्या आतल्या व्यक्तीची संमती २०१२ च्या पॉक्सो कायद्यात धरली जात नाही. फर्स्ट इयरला सतरा वर्षांचे कितीतरी जण असतात, त्यामुळे हे पुस्तकी ज्ञान नाही.

सेशनमध्ये प्रश्न येत नाहीत, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं. म्हणून पेटी ठेवली. पेटी कसली, बोर्नव्हिटाचा रिकामा डबा, झाकणाला भोक पाडलेलं. एक मुलींच्या हॉस्टेलमध्ये कूलरशेजारी, एक मुलांच्या हॉस्टेलमध्ये जिन्याखाली. पहिल्या आठवड्यात त्यात दोन चॉकलेटचे कागद आणि मेसच्या भाजीबद्दल एक तक्रार! पाचव्या आठवड्यात एकोणीस चिठ्ठ्या.

आपल्याला वाटतं ही आयडिया नवी आहे. र. धों. कर्वे मुंबईत गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, "समाजस्वास्थ्य" हे मासिक चालवलं. प्राध्यापकी यापायीच गेली. त्या मासिकात ते वाचकांच्या खाजगी प्रश्नांना उत्तरं द्यायचे. १९३४ साली त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर! खटला हरले, दंड भरला आणि मासिक पुढे चालू ठेवलं. आमच्या डब्याला अजून तरी कुणी कोर्टात नेलेलं नाही. एकदा कचऱ्यात मात्र सापडला होता.

डब्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा: "एकदाच केलं तर होतो का?" याला नुसतं "हो" म्हटलं तर माणूस घाबरून परत येत नाही आणि "नाही" म्हटलं तर ते खोटं. इथे मॅथ्समधला प्रोबॅबिलिटीचा धडा कामाला येतो. पुरुषाला एचआयव्ही आहे, तो औषधं घेत नाही, कंडोम नाही, अशा वेळी एका संबंधात स्त्रीला लागण होण्याची सरासरी शक्यता दहा हजारांत ८ च्या आसपास धरतात. गुदमैथुनात स्वीकारणाऱ्या जोडीदाराला ती दहा हजारांत १३८ धरतात. आणि बाधित रक्त चढवलं तर दहा हजारांत ९,२५०. आता ८ ऐकल्यावर मागच्या बाकावरून "मग काय टेन्शन नाय!" येतंच. त्याला फळ्यावर बोलवायचं. एका वेळी न होण्याची शक्यता ०.९९९२. शंभर वेळा न होण्याची, ०.९९९२ चा शंभरावा घात. एकातून वजा कर. येतात जवळजवळ ८ टक्के. हजार वेळा केलं तर ५५ टक्के. शिवाय ही सरासरी आहे. समोरच्याला लागण नुकतीच झाली असेल तर त्याच्या रक्तात व्हायरस प्रचंड असतो, दुसरा एखादा लैंगिक आजार किंवा जखम असेल तरी धोका वाढतो, आणि तुमच्या नशिबी यातलं कोणतं "एकदाच" आलंय हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही.

पण याच गणिताची दुसरी बाजू मला जास्त आवडते. एचआयव्हीची औषधं, म्हणजे एआरटी, आपल्या सरकारी दवाखान्यांत २००४ पासून फुकट मिळतात. रोज गोळी घेऊन रक्तातला व्हायरस टेस्टमध्ये सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर त्या माणसाकडून संबंधांतून लागण होत नाही. "कमी होते" नाही, होत नाही. युरोपातल्या "पार्टनर" नावाच्या अभ्यासात एक जोडीदार बाधित आणि औषधांवर, दुसरा नाही, अशा जोडप्यांचे कंडोमशिवायचे हजारो संबंध मोजले. २०१९ मध्ये त्याचा शेवटचा निकाल आला: त्या जोडीदाराकडून झालेल्या लागणी, शून्य. सेशनमध्ये हे सांगितलं की पोरांचा पहिला विश्वासच बसत नाही. त्यांच्या डोक्यात एड्स म्हणजे कवटीचं चित्र आणि "एड्स जानलेवा है". ती पोस्टर्स ज्या काळात लागली त्या काळात औषध जवळजवळ कुणाला मिळत नव्हतं. औषध आलं, पोस्टर डोक्यातून निघालं नाही.

हे पोस्टर काय करतं ते सांगते. पुढचा परिच्छेद ज्याच्याबद्दल आहे त्याने तो स्वतः वाचलाय, दोन गोष्टी बदलायला लावल्यात आणि मगच छापायला दिलाय.

मुलांच्या डब्यात चिठ्ठी आली, "ताप येतो. वजन सहा किलो कमी. तोंड आलंय. मला झालाय ना?" खाली रूम नंबर. रूम नंबर कुणी लिहीत नाही, म्हणून माझा पार्टनर, तो मुलांच्या हॉस्टेलचं काम बघतो, त्याच रात्री गेला. पोरगा आठ महिने रात्री मोबाईलवर लक्षणं वाचत बसला होता. मेसमध्ये जेवायचं सोडलं होतं, आपल्यामुळे ताटातून दुसऱ्यांना होईल म्हणून. घरी फोन करणं बंद. दोन विषयांना बसलाच नाही, कारण "कशाला?" माझ्या पार्टनरने "काय केलंस" असं विचारलं नाही. "कधी?" एवढंच विचारलं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला हेच शिकवलंय, कारण पुढचं सगळं तारखेवर ठरतं. ७२ तासांच्या आत असेल तर सरळ सरकारी हॉस्पिटल गाठायचं. तिथे पेप नावाची औषधं मिळतात, जितक्या लवकर सुरू कराल तितकं चांगलं, अठ्ठावीस दिवस घ्यायची, लागण टळू शकते. त्याहून जास्त दिवस झाले असतील तर टेस्ट. लागण झाल्यावर टेस्टमध्ये दिसायला काही आठवडे लागतात, आपल्याकडे तीन महिने धरतात, त्याआधी निगेटिव्ह आली तर पुन्हा करायची. इथे आठ महिने होऊन गेले होते, म्हणजे एका चकरेत पक्कं उत्तर मिळणार होतं. ज्या उत्तराची तो आठ महिने भीती घेऊन बसला होता ते सिव्हिलच्या आयसीटीसीमध्ये फुकट मिळतं, अर्ध्या दिवसात.

तिसऱ्या दिवशी दोघं बसने गेले. आत काउन्सिलर मॅडम आणि तो. माझा पार्टनर बाहेर बाकावर. रिपोर्ट काय आला? मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही आणि त्याने सांगितलेलं नाही. मला एवढंच माहीत आहे की तो पोरगा परत मेसमध्ये जेवतो आणि पोळ्यांबद्दल सगळ्यांसारखीच तक्रार करतो. काही जण म्हणतील, ही अर्धीच गोष्ट झाली. झाली तर झाली. एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा (लागू झाला सप्टेंबर २०१८ मध्ये) सांगतो, की संमतीशिवाय टेस्ट करायची नाही, दुसऱ्याचा रिपोर्ट फोडायचा नाही आणि रिपोर्टवरून कुणाला कॉलेजातून काढायचं किंवा वेगळं बसवायचं नाही. स्टाफमधले जे कुणी हे वाचत असतील त्यांच्यासाठीही हे लिहितेय.

टेस्टबद्दल एक गोष्ट राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही कारण यात बेज थिअरम आहे! कॅम्पमध्ये किंवा खाजगी लॅबमध्ये एक टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे एचआयव्ही आहे असं नाही. भारतात मोठ्या माणसांमध्ये प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. समजा टेस्ट सगळे बाधित पकडते, पण निरोगी लोकांतल्या ०.५ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. दहा हजार लोक तपासले. बाधित २०, सगळे पकडले. उरलेल्या ९,९८० पैकी सुमारे ५० जण चुकून पॉझिटिव्ह. म्हणजे ७० पॉझिटिव्हमध्ये खरे २०! म्हणून तर सरकारी केंद्रात पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली की वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या आणखी टेस्ट करतात, एकूण तीन, आणि मगच सांगतात.

आता प्रामाणिकपणे. या सगळ्याने वागणं बदलतं का? इंग्लंडमध्ये २७ शाळांत हे नीट मोजलं गेलंय. अर्ध्या शाळांत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी तेरा-चौदाच्या मुलांना शिकवलं, बाकीच्यांत शिक्षकांनी. निकाल २००४ मध्ये आला. मुलांना मोठ्या मुलांचे तास जास्त आवडले, सोळाव्या वर्षापर्यंत संबंध आलेल्या मुलींचं प्रमाण थोडं कमी होतं, पण पहिल्या वेळी साधन वापरण्यात फरक दिसला नाही. मुली वीस वर्षांच्या झाल्यावर गर्भपाताचे आकडे पाहिले, तिथेही म्हणण्यासारखा फरक नव्हता. (आणि हो, त्यातल्या बऱ्याच मुलींनी मुलामुलींचे तास वेगळे मागितले होते!) म्हणजे दोन तासांच्या सेशनने कुणी बदलून जातं असं मी म्हणणार नाही. माझ्या अनुभवात सेशनचा उपयोग एकच, ते घेणाऱ्याचा चेहरा ओळखीचा होतो. मग महिन्या-दोन महिन्यांनी कधीतरी दार वाजतं. डबा आणि दार हेच खरं काम.

उरलेल्या जागेत या महिन्याच्या चिठ्ठ्या. भाषा त्यांचीच, फक्त स्पेलिंग सुधारलंय.

"न्हाव्याकडच्या ब्लेडने होतो का?" एचआयव्ही शरीराबाहेर फार टिकत नाही, दाढीतून होण्याची शक्यता नगण्य. पण हेपॅटायटिस बी चा व्हायरस बाहेर आठवडाभरही टिकतो, त्यामुळे नवीन ब्लेड मागाच. टॅटूची सुईसुद्धा नवीन.

"डासाने?" नाही. डास चावताना लाळ सोडतो, आधी प्यायलेलं रक्त नाही, आणि हा व्हायरस त्याच्या पोटात पचून जातो.

"कंडोम फाटतो म्हणतात." फाटतो, चुकीचा वापरला तर. पाकिटात आठवडेच्या आठवडे ठेवला, दातांनी फोडला, टोकातली हवा काढली नाही, एकावर एक दोन चढवले, किंवा खोबरेल तेल, व्हॅसलीन लावलं तर. तेलाने लॅटेक्स कमजोर होतं. एक्स्पायरी डेट बघा. (हे उत्तर छापू देणाऱ्या संपादक मॅडमचे आभार.)

"आय-पिल घेतली की सगळं सेफ ना?" ती फक्त गर्भ राहू नये म्हणून, ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. एचआयव्ही किंवा दुसऱ्या कोणत्याही आजारावर तिचा काही उपयोग नाही, आणि महिन्याला चार-चार वेळा घ्यायची ती गोळी नव्हे.

"हाताने केल्याने कमजोरी येते का? परीक्षा जवळ आलीय." नाही येत. शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वगैरे हिशोब खोटा आहे. परीक्षेत मार्क कमी पडले तर कारण दुसरं शोधा.

"सिव्हिलला नाव सांगावं लागतं का? कुणी ओळखीचं भेटलं तर?" नोंद होते, पण ती गोपनीय असते. आणि तिथे रांगेत कुणी ओळखीचं भेटलंच, तर तोही तिथेच आलेला असतो. आधी नुसतं बोलायचं असेल तर १०९७ हा फोन फुकट आहे.

"डबा कोण उघडतं?" रविवारी दुपारी, मुलींचा मी, मुलांचा माझा पार्टनर. चिठ्ठ्या वाचून झाल्या की फाडून टाकतो. अक्षर ओळखू येईल अशी भीती वाटत असेल तर डाव्या हाताने लिहा, पुष्कळ जण लिहितात.